बसतं गाणं

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त कामी येणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, बसणं. दिग्रसच्या एसटी स्टँडजवळच्या गल्लीत तीसेक वर्षं मी टेपरेकॉर्डर, रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त केले. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधीच निदान सांगायचं. भाऊ, आवाज बसला. भाऊ, सेल बसले. भाऊ, काल चांगला होता, आज एकदम बसला. एका बाईंनी तर चेपलेला टेप काउंटरवर ठेवून शांतपणे सांगितलं, "याच्यावर आमचे हे बसले." त्या टेपची मी जमेल तेवढी सेवा केली. पुढे हातोहाती मोबाइल आले आणि आमचा धंदाच बसला. आता त्या जागेवर माझा पुतण्या मोबाइलच्या काचा बदलतो आणि मी दुपारी त्याच्याकडे चहा प्यायला जातो.

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण दुरुस्त केलेल्या अवघड टेपांची यादी करावी आणि चारचौघांची शाबासकी घ्यावी. पण यादी करायला घेतली तर मनात फिरून फिरून एकच काम यायला लागलं. ते मी अगदी अचूक केलं होतं. इतकं अचूक मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. आणि त्याच कामापायी माझा शाळेतला जिवाभावाचा दोस्त मला तेवीस वर्षं परका झाला. म्हणून त्या एकाच कामाचं सांगतो.

आधी थोडं धंद्याचं, म्हणजे ज्यांनी टेप उघडून पाहिला नाही त्यांनाही कळेल. टेपरेकॉर्डर म्हणजे एक पातळ पट्टी ठरलेल्या वेगानं एका छोट्या लोखंडी तुकड्यासमोरून ओढत नेणारं यंत्र. त्या तुकड्याला हेड म्हणतात. हेडवर मळ चढला की आवाज घोगरा होतो. तो कापसाच्या बोळ्यानं पुसायचा, आणि कापसाच्या जिल्ह्यात राहून बोळ्यासाठी मला कधी दुकानात जावं लागलं नाही. पण खरं कसब वेगाचं. मोटरच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. त्यात पेचकस घातला की आत एक स्क्रू लागतो. तो केसभर इकडे फिरवला तर गाणारी बाई लहान पोरीसारखी चिवचिवते, केसभर तिकडे फिरवला तर तीच बाई बाप्याच्या आवाजात गाते. माझ्याकडे कसोटीची एक कॅसेट होती, तिच्यावर फक्त एक लांबलचक शिट्टी भरलेली. ती मला एवढी पाठ झाली होती की पुढे कॅसेट काढायची गरजच पडेना. टेप लावला की दोन मिनिटांत मी सांगायचो, धावून राह्यला की रेंगाळून राह्यला. या गोष्टीचा मला फार गर्व होता, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

आर्णी रोडला एक भजनी पेटीमास्तर राहत. त्यांनी एकदा टेप आणला तो पेटीसकट, सायकलच्या कॅरिअरला बांधून. म्हणाले, "तुहा टेप माह्या पेटीत मिळून नाही राह्यला. बेसूर आहे." मी शिट्टी लावून पाहिली. टेप बरोबर होता, पेटी उतरली होती. तसं सांगितलं तर मास्तरांचा चेहरा पडला. "पेटी माह्या बापाची आहे," ते म्हणाले, "टेप परवाचा." कुणाच्या बापाची पेटी खोटी ठरवणारा मी कोण? गुपचूप पेचकस घातला आणि टेप पेटीला मिळवून दिला. महिन्याभरानं मास्तर पुन्हा हजर. "टेप ब्येस झाला, पण आता रेडिओ बेसूर वाटून राह्यला." तोही जरा उतरवून मिळेल का, असं त्यांचं म्हणणं. हा किस्सा मी बरीच वर्षं लोकांना हसवायला सांगितला. त्यातलं आपल्यासाठी काही घ्यावं, हे मला सुचलं नाही.

उत्तम आडे आणि मी आठवीपासून एका बाकावर. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरून सायकलनं यायचा, मी बुद्धविहारामागच्या आमच्या एका खोलीतून. माझे वडील जिनिंग मिलमध्ये रात्रपाळीचे चौकीदार होते. ते दिवसा झोपत. त्यामुळे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. आई भांडी अशी ठेवायची की वाजू नयेत. आम्ही भावंडं भांडायचो तेही कुजबुजत. जरा कुणाचा आवाज चढला की आई बोट ओठांवर ठेवून म्हणायची, गप बस. माझं सगळं लहानपण या दोन शब्दांत मावतं.

नववीत असताना कापसाच्या हंगामात मिलमध्ये नवी यंत्रं लावायला बाहेरगावचा एक फिटर आला. संध्याकाळी वडिलांचा डबा पोचवायला मी आणि उत्तम गेलो, तर त्याच्या खोलीतून येणारा आवाज मी आधी मिलचाच समजलो. तीच घरघर, तेच पत्र्यावर पत्रा आपटणं. मग त्या घरघरीतून एक माणूस ओरडायला लागला. शब्द एक कळेना. पण तो जीव खाऊन ओरडत होता आणि त्याला कुणी गप बस म्हणत नव्हतं. डब्यातली भाजी थंड होईपर्यंत मी तिथे उभा राहिलो. उत्तम बाजूला मांडीवर बोटांनी ठेका धरत होता.

फिटरनं सांगितलं, याला हार्ड रॉक म्हणतात. हार्ड आम्हाला माहीत होतं आणि रॉक भूगोलात झाला होता. दोन्ही मिळून काळा पाषाण होतो, एवढ्यावर आमचं भागलं. त्यापुढे रोज दारातून तुकडे तुकडे ऐकले. शेवटी खूप लोचटपणा केल्यावर त्यानं ती कॅसेट एका रविवारपुरती दिली, या अटीवर की तिला ओरखडा पडता कामा नये.

भरायची कुठे, हा प्रश्न. आमच्या घरी शक्यच नव्हतं. मग कॅसेट घेऊन तांडा गाठला. उत्तमच्या काकांची वरातीत वाजवणारी बँड पार्टी होती. त्यांचा एक टेप होता, दुसरा शेजारून मागून आणला. तांड्यावर तेव्हा वीज पाहुण्यासारखी यायची, म्हणून दोन्ही टेप सेलवर. नवे सेल मात्र एकाच टेपपुरते होते. आम्ही डोकं चालवलं. भरणं हे महत्त्वाचं काम, म्हणून नवे सेल भरणाऱ्या टेपात. दुसऱ्यानं नुसतं वाजायचं तर होतं, त्याला नवे कायले पाहिजे? त्यात मी घरून लपवून आणलेले वडिलांच्या बॅटरीतले तीन सेल घातले, आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि चौथा उत्तमनं कुठून तरी पैदा केला. दोन्ही टेप तोंडाला तोंड लावून जमिनीवर ठेवले, वरून गोधडी टाकली आणि श्वास रोखून बसलो.

सहा गाणी होती. त्यांची खरी नावं आम्हाला वाचता आली नाहीत, म्हणून आम्ही आमची ठेवली. पहिलं जिनिंगवालं. दुसरं बकरीवालं, कारण त्याच्या ऐन मध्यात गिटार एकटीच वाजत असताना उत्तमच्या घरची बकरी दारातून ओरडली आणि तीही भरली गेली. ती इतकी वेळेवर ओरडली होती की आम्हाला पुढे गाणं तिच्याशिवाय पोकळ वाटायचं. आणि सहावं बसतं.

ते सुरू व्हायचं भन्नाट. गिटार सुसाट, ढोल मागे लागल्यासारखे, तो माणूस नेहमीसारखा आकाश फाडत. पाऊण गाणं होईस्तोवर हे असं, आणि मग ते हळूहळू बसायला लागायचं. गिटार जाड होत जायची. ओरडणारा माणूस खाली उतरायचा, आणखी खाली, मधेच एकदा दम घेऊन जरासा वर यायचा आणि पुन्हा उतरायचा. शेवटी विहिरीच्या तळाशी बसून एकच शब्द खूप वेळ म्हणायचा आणि तिथेच थांबायचा. पहिल्यांदा ऐकून झालं तसा मी टेप बंद केला.

"थकला वाटते," मी म्हणालो.

"थकला नाही बे," उत्तम म्हणाला, "इतका वेळ वरडून राह्यला होता, आता समजावून सांगून राह्यला."

एवढं चांगलं रसग्रहण मी नंतर कुठे वाचलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी सेल वडिलांच्या बॅटरीत परत घातले, आणि दुसऱ्या दिवशी ते बॅटरीला शिव्या घालत घरी आले. एवढा पुरावा समोर असून माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. फिटरला कॅसेट बिनओरखड्याची परत दिली. हंगाम संपला आणि तो गेला.

उत्तम काकांच्या पार्टीत बेंजो शिकत होता. ज्यांनी वरात पाहिली आहे त्यांना बेंजो माहीत असतो: लाकडी पेटी, वर ताणलेल्या तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात तार छेडायची पट्टी. त्याला कर्ण्याची जोड दिली की गिटारच्या तोंडात मारेल असा आवाज निघतो. उत्तमनं ते गाणं बेंजोवर बसवलं. सगळ्यात अवघड होतं शेवटचं बसणं. त्यानं तोडगा काढला. उजव्या हातानं तार छेडत राहायची आणि डाव्या हातानं तिची खुंटी सैल करत जायची. सूर खाली, ताशा हळू, आणि वरातीतली नाचणारी पोरं आपोआप गुडघ्यात वाकत वाकत जमिनीला टेकायची. सगळी वरात रस्त्यावर बसलेली, नवरदेव घोड्यावर एकटा उंच. मग उत्तम झटक्यात खुंटी पिळून पहिला सूर मारायचा आणि सगळे एकदम उसळायचे.

दोन-तीन हंगामांत ते दिग्रसचं होऊन गेलं. बँडवाला ठरवतानाच लोक विचारायचे, बसतं वाजवता ना? दारव्हा, पुसदकडूनही बोलावणी यायची. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या लग्नात ते वाजलं. माझ्या वरातीत उत्तमनं सूर तळाशी नेऊन इतका वेळ धरून ठेवला की माझे मामा बसल्या बसल्या म्हणाले, "आता उठव गा, पाय भरले." कुठल्या देशातलं गाणं, कुणी म्हटलेलं, काय म्हणतं, कुणाला पत्ता नव्हता. ते उत्तम आड्याचं बसतं होतं, बस.

मी तोवर माझं दुकान मांडलं होतं. एकदा बदली होऊन आलेल्या एका बँक अधिकाऱ्यानं आपला टेप आणि कंपनीच्या कॅसेटींचा डबा आणून दिला. टेप पट्टी चावत होता. दुरुस्त करून मी डब्यातली एक कॅसेट तपासायला लावली आणि हातातला पेचकस खाली पडला. तेच गाणं. इतक्या वर्षांनी, स्वच्छ, गोधडीविना. मी दुकानात एकटाच उभा राहून ऐकत होतो. पाऊण गाणं झालं, माझे गुडघे तयार झाले, आणि गाणं बसलंच नाही. सरळ धावत गेलं आणि धावता धावताच दूर निघून संपलं. मला वाटलं, याचा टेप जोरात चालतो आहे. पेचकस उचलला, भोकात घातला, आणि फिरवायच्या आधी सवयीनं शिट्टी लावून पाहिली. टेप शंभर टक्के बरोबर होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात वडिलांची बॅटरी पेटली. भरणाऱ्या टेपात नवे सेल, वाजणाऱ्यात मेलेले. मोटर तग धरेल तोवर धरते, मग बसते. ओरडणारा माणूस विहिरीत कधी उतरलाच नव्हता. मी पोट धरून हसलो. मग त्या कॅसेटीची माझ्यासाठी एक प्रत करून ठेवली.

त्यानंतर आठवडाभरातच उत्तम आला, खिशातून त्याची कॅसेट काढत. पट्टी गुंतून तुटली होती. एव्हाना त्या रविवारची तेवढी एकच उरली होती. तिच्यावरून शाळेत असताना काढलेल्या प्रतींपैकी माझ्या प्रतीवर घरात कुणी तरी भीमगीतं भरून टाकली होती, बाकीच्यांच्या झिजून गेल्या होत्या.

"दोन दिवसांत दे," उत्तम म्हणाला, "नव्या पोट्ट्यायले शिकवाचं आहे. नुसतं मी वाजवून दाखवलं तं त्यायले उतार समजत नाही."

मी ब्लेडनं तुटलेली टोकं कापली, जोड दिला. इतका बारीक की हेडवरून जाताना कळणार नाही. इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. पण मला वाटलं, दोस्ताला एकदा खरं गाणं देऊ. मेकॅनिकच्या हाताला चुकीची गोष्ट तशीच सोडवत नाही. मी त्याच कॅसेटीवर खरं, सरळ, स्वच्छ गाणं भरलं. जुनं पुसलं गेलं. बकरीसकट.

तो आला तेव्हा दुकानात पाच-सहा माणसं होती. मी ऐटीत कॅसेट लावली. उत्तमनं उभ्यानं शेवटपर्यंत ऐकली.

"बसलं नाही," तो म्हणाला.

"बसन कसं? ते गाणं नव्हतं बसलं लेका, सेल बसले होते. इतके वर्ष तू लोकायच्या वरातीत मेलेले सेल वाजवून राह्यला."

दुकान हसलं. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. उत्तमनं बटण दाबून कॅसेट काढली, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशावरून एकदा हात फिरवला आणि पायरी उतरून गेला.

दिग्रस केवढं, तिथे गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागतो? पुढच्याच वरातीत त्यानं खुंटीला हात घातला आणि गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "उत्तमभाऊ, सेल बदला." लोक हसले, बसलं कुणीच नाही. त्या हंगामात दोन-तीनदा असं झालं आणि उत्तमनं ते वाजवणं सोडलं. काही वर्षांनी डीजे आले आणि त्यानं बेंजोही ठेवून दिला. बाजारात समोर आला तर मान हलवायचा, बोलायचा नाही. मला जाऊन माफी मागता आली असती. नाही मागितली, कारण माझं खरं होतं. शिट्टी लावून तपासलेलं खरं. त्या खऱ्याच्या आधारानं मी तेवीस वर्षं काढली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाचं संमेलन झालं. शाळेच्याच सभागृहात, सगळे साठीला टेकलेले. यवतमाळला कलेक्टर कचेरीत असलेल्या एकानं मोठा स्पीकर आणला होता. जेवणं झाल्यावर कुणी तरी म्हणालं, ते आपलं इंग्रजी लावा. खरं नाव मी बँकवाल्याच्या कॅसेटीवरून टिपून ठेवलं होतं, मोबाइलवर ते दोन मिनिटांत सापडलं. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, साखर वाढलेले आम्ही पंधरा-वीस जण नाचायला लागलो. पाऊण गाणं झालं, आणि कुणी काही न बोलता सगळ्यांचे गुडघे वाकायला लागले. गाणं सरळ धावत राहिलं. आम्ही अर्धे वाकलेले, ना बसलेले ना उभे, एकमेकांकडे बघत. गाणं संपलं तरी तसेच.

"हे बसलं काहून नाही?" कुणी तरी विचारलं. नाचणारे सगळे नोकरीपायी कधीच गाव सोडून गेलेले, सेलांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती; उत्तर मला एकट्याला माहीत होतं, कारण उत्तम आला नव्हता.

मला त्या क्षणी उत्तमची एवढी आठवण आली की मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेलो. खरं गाणं आता कुणालाही, कुठेही, फुकट मिळतं. आमचं गाणं जगात एकाच कॅसेटीवर होतं आणि ते मी दुरुस्त केलं होतं.

मग मला ध्यास लागला. पुतण्या म्हणाला, काका, मोबाइलवर करून देतो, आणि त्यानं गाण्याचा शेवट हळू करून दिला. तो एकसारखा, शहाण्यासारखा उतरत होता. सेल असा बसत नाही. मधेच दम घेतो, उठू पाहतो, मग पडतो. मी माळ्यावरून जुना टेप काढला, बेल्ट बदलला, हेड पुसलं. सेल बॅटरीत घालून दिवस दिवस जाळले, पोरांच्या खेळण्यांत घालून संपवले, आणि बँकवाल्याच्या कॅसेटीची माझी प्रत लावून पाहिली. कधी पहिल्याच गाण्यात बसायचं, कधी बसायचंच नाही. दोन महिने असे गेले. ज्यानं जन्मभर टेपांचा वेग नीट केला, तो बरोबर कसं बिघडवायचं ते शिकत होता. एक दिवस जमलं. पाऊण गाण्यावर अगदी तसंच बसलं. त्याच सेलांच्या जोडीनं जाळलेले दुसरे चार सेल रुमालात बांधले, टेप पिशवीत घातला आणि तांड्यावर गेलो. नवी कॅसेट करून नेता आली असती. पण मला ते उत्तमसमोर बसायला हवं होतं.

उत्तम अंगणात शेवग्याखाली खाट विणत होता. अर्धी झाली होती. मला पाहून दोरी तशीच हातात धरली. त्याच्या बायकोनं, शांतावहिनींनी, पाणी आणून दिलं. उत्तम "बस" म्हणाला नाही. आपल्याकडे दारात आलेल्या अनोळखी माणसालाही पहिल्यांदा बस म्हणतात. मी उभाच राहिलो. पिशवीतून टेप काढला, खाटेच्या चौकटीवर ठेवला, सेल घातले.

"काय आहे?" त्यानं विचारलं.

"बसतं," मी म्हणालो.

गाणं सुरू झालं. तो दोरी ताणत राहिला. पाऊण गाणं झालं. मी टेपकडे असा बघत होतो की नजरेनंच मोटर थांबवीन. ती थांबली नाही. उन्हानं सेलांत पुन्हा जीव आला होता की काय, गाणं सरळ धावलं आणि धावता धावता संपलं. अंगणात तीन-चार बकऱ्या होत्या, त्यांनीही साथ दिली नाही.

"बसलं नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज बसला. "उत्तम, त्या दिवशी मी खरं बोललो, पण बरं बोललो नाही. तुहं गाणं पुसून टाकलं मी. मले नाही येत ते परत करता."

त्यानं दोरी ओढून घट्ट केली. मग दोरीची गाठ मारत म्हणाला, "सेलाचं मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्या रविवारपासून. चौथा सेल मीच तं आणला. काकाच्या रेडिओतला. रेडिओ बंद पडला होता, म्हून काढून फेकला होता काकानं. म्या उचलला."

"मंग इतके वर्ष बोलला काहून नाही? आन् माह्यावर राग कायचा?"

"सेल बसले हे तुले मले माहीत असाचं होतं," उत्तम म्हणाला. "तू लोकायले सांगतलं."

शिट्टी लावून तपासावं असं काही नव्हतंच ते. उत्तमनं बायकोला त्यांच्या बोलीत काही तरी सांगितलं. वहिनी आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेला बेंजो घेऊन आल्या. दोन तारा तुटलेल्या, बटणांवर गंज. त्यानं एक तार जुळवली, कान लावून, पुन्हा थोडी उतरवून, कुठल्याही कसोटीच्या कॅसेटीशिवाय. मग खाटेच्या मोकळ्या चौकटीवर बेंजो टेकवून ते गाणं छेडलं. बोटं अडखळत होती. कर्णा नव्हता, ताशा नव्हता, आवाज जेमतेम अंगणाच्या कुंपणापर्यंत जात होता. पण ते जिनिंगसारखं घरघरलं, आणि आमचा नववीचा वर्ग, फिटरची खोली, डब्यातली थंड भाजी, गोधडीवर कान लावलेला उत्तम, सगळं मला एकदम परत हवंसं झालं. पाऊण गाणं झालं आणि त्याचा डावा हात खुंटीकडे गेला.

सूर उतरला. मधेच दम घेऊन थोडा वर आला, पुन्हा उतरला. माझे गुडघे वाकायला लागले, कुरकुरले, मी खाटेचा पाया धरला आणि वाकत वाकत जमिनीला टेकलो. तळाशी पोचून त्यानं तो सूर धरून ठेवला. आता खुंटी पिळून पहिला सूर मारायचा आणि मी उठायचं, हे ठरलेलं. मी हातावर भार घेऊन तयार झालो. उत्तमनं खुंटी पिळली नाही. तारेवर पंजा ठेवून तिची थरथर थांबवली.

"बस," तो म्हणाला. "घाई कायची आहे."

मी बसलो.